रेंजरच्या जुन्या घरात आई-बाबांना नेऊ का?

प्रश्न : माझे बाबा सातारा जिल्ह्यात वनपाल होते. आता निवृत्त आहेत. ते आणि आई ऑगस्टपासून आमच्याकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला येत आहेत. बाबांना हॉटेलांचं कौतुक नाही. फोनवर म्हणाले, "तुमच्याकडच्या फॉरेस्टवाल्यांची क्वार्टर्स कशी असतात ती दाखव." ऑलिम्पिक नॅशनल फॉरेस्टमधली इंटरोरेम केबिन भाड्याने मिळते असं कळलं. पण तिथे वीज नाही, पाणी नाही, संडास बाहेर. आईचे गुडघे दुखतात. न्यावं का? बुकिंग कसं करायचं?
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : न्या, नक्की न्या. तुमच्या बाबांना दाखवायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. १९०७ साली एमरी फिंच नावाच्या रेंजरने हे ओंडक्यांचं घर उभारलं आणि लग्न झाल्यावर बायकोला घेऊन तो तिथे राहायला आला. अमेरिकेचं वनखातं तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. बाबांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा. या खात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांचे गुरू होते डीट्रिश ब्रँडिस, म्हणजे १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले तेच. आपल्याकडच्या बीट, राउंड, रेंजच्या कारभारात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या घरात परकं वाटणार नाही.

मात्र आपल्याकडच्या वनविश्रामगृहाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. कोलकास किंवा सेमाडोहला पोचलं की कुणीतरी कुलूप उघडतं, चहा विचारतं. इथे कुणी नसतं. निघताना घर आवरायचं ते तुम्हीच, आणि कचऱ्याची पिशवी गाडीत घालून परत आणायची तीही तुम्हीच.

आता आईंबद्दल. गुडघ्यांपेक्षा मला काळजी आहे ती त्यांच्या सवयीची. आपल्या आया नव्या घरात शिरल्या की आधी केरसुणी शोधतात. तिथे पहिल्या तासात झाडू मारू देऊ नका. जंगलातल्या बंद घरांत उंदीर येतात, आणि इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांची, मुताची धूळ श्वासात गेली तर हँटाव्हायरसचा आजार होऊ शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर फुप्फुसांवर जातो आणि जिवावर बेततो. म्हणून दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेरच बसा. लेंड्या दिसल्या तर हातमोजे घालून त्यावर ब्लीचचं पाणी मारा (एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी), पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदी रुमालाने पुसून घ्या. व्हॅक्यूमही नको. खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा. त्या जंगलात काळी अस्वलं आहेत, त्यामुळे खरकटं रात्री बाहेर राहता कामा नये.

संडास थोड्या अंतरावर आहे. खाली टाकी असलेला, फ्लश नसलेला, पण बसायला कमोडसारखा, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. आत नळ नसतो. पाण्याची बाटली आणि टमरेल बरोबर ठेवा. हे इथे कुणी लिहून ठेवत नाही, आणि आपल्या वडीलधाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. रात्रीसाठी दोघांना डोक्याला बांधायची बॅटरी द्या. पाणी घरूनच न्या, कॅन भरून. माणशी रोजचं एक गॅलन (जवळपास पावणेचार लिटर) धरा आणि भांडी घासायला वेगळं. डकाबुश नदी जवळ आहे, पण तिचं पाणी खळखळून उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

दिवे, शेगडी आणि ऊब, सगळं प्रोपेनवर. गॅसच्या दिव्याचा मँटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, बाबांना पेट्रोमॅक्समुळे माहीत असेलच; बोट लागलं की भुगा होतो, तेव्हा दिवा त्यांच्याच ताब्यात द्या. गॅस पेटता असताना खिडकी बोटभर उघडी हवी. उबेसाठी शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत असू द्या. कुकर शेगडीवर चालतो, पण पहिल्या संध्याकाळी भाजणीची थालीपिठं पुरेत. पांघरुणं, उशा घरूनच न्यायच्या.

चालायचं म्हटलं तर घराजवळून पाव मैलाची छोटी निसर्गवाट आहे, ती आईंना जमेल. रेंजर्स होल नावाच्या डोहाकडे जाणारी वाट पाऊण मैलाची, पण शेवटचा उतार तीव्र आहे. तिथे बाबांना न्या.

बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं. तारीख साधारण सहा महिने आधी खुली होते, इथल्या (पॅसिफिक) वेळेनुसार सकाळी सात वाजता, आणि शनिवार-रविवार पटकन संपतात. म्हणून लेबर डेनंतरचे (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचे) मधले वार बघा. ऑक्टोबर उजाडला की इथला पाऊस सुरू होतो, तेव्हा सप्टेंबरच उत्तम. आगीच्या धोक्यामुळे तेव्हा शेकोटीला बंदी असू शकते, तेवढं आधी पाहा. रद्द केलंत तर दहा डॉलर कापतात. पोचायच्या दिवसाला चौदा दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. दुसऱ्यांनी रद्द केलेल्या रात्री त्याच पानावर पुन्हा दिसू लागतात, म्हणून अधूनमधून पाहत राहा.

भाडं महाग वाटलं तर एक लक्षात घ्या. २००४ च्या कायद्याप्रमाणे या शुल्कातला किमान ८० टक्के हिस्सा, जिथे गोळा होतो त्याच भागात खर्च करायचा असतो. शंभरी ओलांडलेलं लाकडी घर माणसांची ये-जा नसेल तर लवकर कुजतं. तुम्ही तिथे राहिल्याने ते टिकतं, असं मी मनापासून मानते.

एकच रात्र ठेवू नका, दोन ठेवा. पहिली रात्र सामान लावण्यात जाते. आत चौघांची सोय आहे, म्हणजे तुम्ही दोघं आणि ते दोघं. मुलं बरोबर असतील किंवा तारीख मिळाली नाही, तर त्याच जंगलातली हॅमा हॅमा केबिन बघा. ती १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधली आणि तिथे सहा जण मावतात. दोन्हीकडे मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका. कुलूप उघडायचा नंबर आणि नकाशा घरूनच कागदावर उतरवून न्या.