मोफत शिबिरात पायाचा ठसा घेऊन इन्सोल (पादत्राणांत घालायचे आतले तळ) सुचवले आहेत. त्यांनी शरीराची ठेवण खरोखर सुधारते का?

तुम्ही लिहिले आहे की ऐरोलीतील तुमच्या सोसायटीच्या शिबिरात यंत्रावर उभे करून तुमचा उजवा खांदा उतरलेला आणि कंबर तिरकी असल्याचे सांगण्यात आले व लगेच इन्सोलची ऑर्डर नोंदवून घेतली गेली. मी ठाण्यात नौपाड्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. केवळ तळव्याच्या रंगीत ठशावरून कोणाच्याही शरीराची ठेवण ठरवणे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिची कंबर दुखत होती म्हणून भाऊजी तिला एका दुकानात घेऊन गेले, तिथे डाव्या टाचेखाली लालभडक डाग दिसला आणि महागड्या इन्सोलची जोडी घरी आली. मी ताईला घेऊन त्याच दुकानात गेले, तिला यंत्रावरून उतरून थोडे चालायला आणि पुन्हा उभे राहायला सांगितले, तेव्हा तो लाल डाग उजव्या टाचेखाली दिसला. उभा माणूस सतत किंचित डोलत असतो आणि वजन या पायावरून त्या पायावर नेत असतो. यंत्र त्या क्षणीचा दाब दाखवते, मणक्याची स्थिती नव्हे.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या चौकटीला ओळंबा सोडला. बाजूने पाहताना ती दोरी कानाची पाळी, खांद्याचे टोक आणि खुब्याचे हाड यांवरून उतरून गुडघ्याच्या मध्याच्या व बाहेरच्या घोट्याच्या जराशी पुढे पडावी, अशी अपेक्षा असते. मग कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत टेपने दोन्ही पाय मोजले. ते सारखे भरले. चवड्यांवर उभी राहताच तिच्या सपाट दिसणाऱ्या तळव्यांची कमान वर आली, म्हणजे तळवे लवचिक होते. खरे कारण ओट्याशी सापडले: पोळ्या लाटताना ताई सगळा भार डाव्या पायावर टाकून, उजवा गुडघा सैल सोडून उभी राहत असे, आणि तेही अनवाणी. भाऊजींना आजही न पटणारा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे पादत्राणे दाराशीच राहतात, त्यामुळे ताईचे इन्सोल मासुंदा तलावाभोवतीच्या सकाळच्या फेरीपुरतेच पायाखाली येत. मी तिला ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवायला सांगितले आणि नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम दिले. दुखणे कमी झाले, तेव्हा श्रेय मात्र भाऊजींनी इन्सोलला दिले.

इन्सोलमुळे तळव्यावरचा दाब वेगळा वाटला जातो आणि टाचेचा कलही थोडा बदलू शकतो, पण त्यावरून खांदे समपातळीत येतील असे मानू नये. इन्सोलने कंबरदुखी टाळता येत नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2007 च्या आढाव्यात काढलेला आहे.

अर्थात मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, टाच दुखत असेल, चवड्यांवर उभे राहूनही कमान दिसत नसेल किंवा दोन पायांच्या लांबीत खरोखरच मोठा फरक असेल, तर तज्ज्ञाने तपासून दिलेले इन्सोल अवश्य वापरावेत. तुमचा खांदा एकाच बाजूला लॅपटॉपची बॅग अडकवण्याच्या सवयीनेही उतरलेला असू शकतो. मात्र कमरेतून पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर मणक्याच्या बाकासाठी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

पैसे भरण्याआधी त्यांना तुमचा ठसा लागोपाठ दोनदा घ्यायला लावा, आणि त्या वेळी घरातील इन्सोलचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीला शेजारी उभे करा. त्या दिवशी भाऊजी दुकानात आमच्यासोबत असते, तर आमचा वाद इतका लांबला नसता.