वजन कमी करायचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास? ठरवण्याआधी एवढं बघा

ताई, ‘सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं’ असं सर्जनना विचारू नका. ‘माझ्यासाठी कोणतं, आणि का’ असं विचारा.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. तो परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात.

निवड करताना सुरुवातीला हे पाहा:

- रात्री आंबट पाणी घशाशी येतं का? मग आधी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो. मी याच कारणाने बायपास घेतली.
- जुना मधुमेह असेल, तर बहुतेक वेळा बायपासचं पारडं जड.
- गुडघ्यांसाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेता? बायपासनंतर त्या बंद, अल्सर होतो. तंबाखू-मिश्री तर दोन्हींत नकोच.

नवखे लोक चुकतात ते पॅकेजच्या दरावर. त्यात आहारतज्ज्ञ आणि नंतरच्या तपासण्या धरल्यात का, ते कोणी विचारतच नाही! दुसरी चूक, वजन उतरलं की व्हिटॅमिनच्या गोळ्या सोडणं. बी-१२, लोह, कॅल्शियम हे आयुष्यभराचं आहे, स्लीव्हमध्येसुद्धा. आणि जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास थांबायचं. मला हीच सवय सगळ्यात जड गेली.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील. घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. तोवर प्रथिनं चुकवू नका.

मिनी बायपास वगैरे इतर प्रकारांचं आत्ता डोक्यात घेऊ नका. एंडोस्कोपीचा रिपोर्ट हातात आला की बोलू.