जुन्या पेट्रोल गाडीतून सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो आणि लगेच थांबतो. इंजिन उघडावं लागेल का?

बहुधा नाही, रात्रभर उभ्या गाडीतून पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मिनिटभरात थांबत असेल, तर दोष सहसा वॉल्व्हच्या ऑईल सीलमध्ये असतो. ही रबरी सील वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, मग हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑईल वॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं आणि जळतं. खात्रीसाठी घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच येऊ द्या आणि खाली आल्यावर अॅक्सिलरेटर दाबा. मागून येणाऱ्या गाडीतल्या सोबत्याला त्या क्षणी निळा लोट दिसला, तर संशय पक्का. चढावर, भरल्या गाडीत सतत धूर येत असेल तर मात्र दोष पिस्टन रिंगमध्ये, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांमध्ये.

गॅरेजमध्ये थेट 'इंजिनचं काम' सांगितलं, तर होकार देण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्याच, कारण सील बदलणं आणि रिंग बदलणं यांच्या खर्चांत फार मोठी तफावत आहे. ज्या सिलिंडरचा आकडा कमी येतो त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतात: आकडा चढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर दोष खुद्द वॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेडखालच्या पॅकिंगमध्ये). नुसते सील बदलायचे असतील तर बऱ्याच इंजिनांत हेडही उतरवावं लागत नाही.

फक्त पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनच्या आत साठणारे वायू बाहेर काढणारा छोटा वॉल्व्ह) आधी तपासा. तो तुंबला तरी इंजिन ऑईल खातं, आणि तो बदलणं किरकोळ काम आहे. तोवर दर आठवड्याला डिपस्टिकवर ऑईलची पातळी बघत राहा.