आवाज अजून येतात, तरी डिस्चार्ज?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. महिनाभर तो मनोविकार वॉर्डात आहे. कानात येणारे आवाज कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. तरी डॉक्टर पुढच्या आठवड्यात सोडू म्हणतात. पूर्ण बरा नसताना घरी आणावं का?

उत्तर : आवाज पूर्ण थांबणं ही डिस्चार्जची अट नसते. काहींचे आवाज औषधं चालू असूनही वर्षानुवर्षं राहतात, आणि तरी ती माणसं घरी नीट राहतात. पाहायचं ते हे, की आवाज काय सांगतात आणि भाऊ त्यांचं ऐकतो का. 'स्वतःला इजा कर' असे हुकूम येत असतील आणि ते मोडणं त्याला जड जात असेल, तर थांबायला हवं. हा आजाराचाच भाग आहे, हे त्याला अधूनमधून जरी पटत असेल, तर घरी पाठवण्याचा विचार करता येतो.

खरी अडचण वेगळी आहे. वॉर्डात माणूस असतो त्यापेक्षा बरा दिसतो. नर्स गोळी हातात देते, ताट समोर येतं, दिवे ठरल्या वेळी बंद होतात, दारू मिळत नाही. हे टेकू काढल्यावर किती टिकतं, ते तपासावं लागतं. म्हणून शेवटच्या दिवसांत नर्सने आठवण न करता तो स्वतः गोळी मागायला येतो का, हे पाहिलं जातं.

दुसरी तपासणी तुमच्या हातात आहे : तात्पुरती रजा. आधी काही तास, मग एक रात्र. त्या दिवशी पाहुणे बोलावू नका, दिवस नेहमीसारखाच जाऊ द्या. कागदावर लिहा : किती वाजता आडवा झाला, किती तास झोपला, गोळीची आठवण कोणी केली, एकटा असताना काय करत होता. 'ठीक होता' एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. झोपेची नोंद तर चुकवूच नका. अनेकांमध्ये आजार उलटताना आधी झोप मोडते.

निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख लेखी घ्या, शक्यतो सात दिवसांच्या आतली. निघण्याच्या दिवशीचा कोणता डोस देऊन झालाय, हेही विचारा. नाहीतर घरी तोच पुन्हा दिला जातो. औषध क्लोझापिन असेल आणि 48 तासांहून जास्त खंड पडला, तर जुन्या डोसने परस्पर सुरू करू नका. रक्तदाब एकदम उतरू शकतो. आधी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आई दाखल आहे. परवापासून एकदम हसतखेळत बोलते. आता आणू का?

उत्तर : एवढ्यावरून नको. नैराश्याची औषधं बहुधा काही आठवड्यांनी लागू पडतात. कधी मनाआधी अंगात शक्ती येते, आणि एकाएकी आलेली शांतता ही 'ठरवून टाकल्याची'ही असू शकते. डॉक्टरांना हा बदल आजच सांगा. आईलाही थेट विचारा, 'मरावंसं अजून वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

सोडल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. ती यायच्या आधीच घरातली कीटकनाशकं आणि उरलेल्या गोळ्या हलवा. नवी औषधं एका वेळी आठवड्यापुरतीच घ्या आणि तुमच्याकडे ठेवा.