सातूची नवी वाणे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातूत हाताने संकर केला. ओंबीत दाणे जेमतेम धरले आणि त्यांतली बरीच रोपे हुबेहूब मादी वाणासारखी निघाली. कुठे चुकले असेल?

उत्तर : चुका दोन असाव्यात. मादीसारखी रोपे आली, म्हणजे परागकोश काढायच्या आधीच स्वपरागण उरकले होते. सातूत ओंबी पानाच्या आवरणातून पुरती बाहेर येण्याआधीच परागकोश अनेकदा फुटतात. त्यामुळे कुसळांची टोके सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर डोकावली की आवरण चिरून ओंबी मोकळी करावी. परागकोश हिरवेच हवेत. एक जरी पिवळा दिसला तरी ती ओंबी सोडून द्या. टोकाची आणि तळाची कच्ची फुले खुडा, बाजूची काढा, मधली तेवढी ठेवा. फुलाचा वरचा तिसरा हिस्सा कात्रीने छाटा, तिन्ही परागकोश बारीक चिमट्याने उचला आणि ओंबीवर कागदी पिशवी चढवा.

दाणे कमी धरतात ते बहुधा घाईने किंवा शिळ्या परागाने. कुक्षी (फुलातला पराग झेलणारा भाग) पिसासारखी पसरायला दोन ते चार दिवस लागतात, तोवर थांबायलाच हवे. पराग मात्र फार लवकर निकामी होतो. नर ओंबी मादीपाशी आणून फुटण्याच्या बेतातले पिवळे परागकोश थेट कुक्षीवर टेकवा. मादी सहा ओळींची (ओंबीत दाण्यांच्या सहा ओळी) आणि नर दोन ओळींचा घेतला तर तपासणीही सोपी होते: दोन ओळींचा गुण प्रभावी असल्याने पहिल्या पिढीत पुरती सहा ओळींची ओंबी आली, तर तो संकर नव्हेच.

प्रश्न : लवकर शुद्ध ओळी (पिढ्यान्‌पिढ्या गुण न बदलणारे वंश) मिळवायच्या आहेत. डबल्ड हॅप्लॉइड करावे की स्पीड ब्रीडिंग?

उत्तर : डबल्ड हॅप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांचा एकेरी संच असलेले रोप वाढवून तो संच दुप्पट करणे, म्हणजे ओळ एकदम शुद्ध होते. स्पीड ब्रीडिंग म्हणजे जास्त तास प्रकाश देऊन पिढ्या भराभर काढणे. आधी हिशेब पाहा. तीन स्वतंत्र जनुके एकत्र आणि शुद्ध रूपात हवी असतील तर दुसऱ्या पिढीत असे रोप सरासरी ६४ मध्ये एक मिळते, डबल्ड हॅप्लॉइडमध्ये ८ मध्ये एक. किमान एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर पहिल्या मार्गाने १९१ रोपे लागतात, दुसऱ्याने २३.

पण प्रयोगशाळेचा हात बसलेला हवा. लघुबीजाणू (ज्यांपासून पराग बनतो त्या पेशी; यांपासूनच रोपे वाढवतात) एककेंद्रकी अवस्थेच्या मध्यापासून अखेरीपर्यंत असताना ओंब्या तोडाव्यात. पानांमधले अंतर मोजून ही वेळ ठरवतात, पण ते अंतर वाणागणिक बदलते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मग ४ अंश सेल्सिअसला तीन-चार आठवडे थंडी किंवा काही दिवस मॅनिटॉलच्या द्रावणात उपचार. पेशी वाढवायच्या माध्यमात सुक्रोजऐवजी माल्टोज घाला. सर्वांत मोठी डोकेदुखी पांढऱ्या, हरितद्रव्य नसलेल्या रोपांची. ती बरीचशी वाणावर ठरते आणि वसंती (फुलायला थंडी न लागणाऱ्या) वाणांत जास्त छळते. कॉपर सल्फेटने हिरव्या रोपांचे प्रमाण सुधारते. मातृरोपे रोगट किंवा उन्हाने होरपळलेली असतील तर पुढचे कष्ट वाया जातात. दुसरी वाट हॉर्डियम बल्बोसम या रानटी भावंडाशी संकर करण्याची. त्याची गुणसूत्रे गर्भातून आपोआप गळून जातात आणि सातूचा एकेरी संच उरतो, मात्र गर्भ सुमारे दोन आठवड्यांत काढून माध्यमावर वाढवावा लागतो. काशा आणि काओ यांनी ही पद्धत १९७० मध्ये मांडली.

एक मर्यादा सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या पिढीपासून डबल्ड हॅप्लॉइड केले तर जनुकांची अदलाबदल एकदाच होते. चांगल्या जनुकाला चिकटलेले वाईट जनुक सुटायला तेवढे पुरत नाही. अशा वेळी दुसऱ्या पिढीतली निवडक रोपे वापरणे शहाणपणाचे.

स्पीड ब्रीडिंगमध्ये २२ तास प्रकाश, २ तास अंधार, तापमान दिवसा २२ आणि रात्री १७ अंश ठेवल्यास वसंती सातूच्या वर्षाला सहापर्यंत पिढ्या निघतात. हिवाळी वाणांना आधी काही आठवडे थंडी द्यावी लागते, म्हणून तिथे फायदा आटतो. शिवाय अशा खोलीत उत्पन्नाची निवड करू नका, ती शेतातच.

प्रश्न : मार्करच्या (जनुकाजवळच्या डीएनएवरील खुणेच्या) मदतीने रोगप्रतिकारक जनुक आणले, पण उत्पन्न घटले. का?

उत्तर : जनुकासोबत दात्याच्या (जनुक देणाऱ्या वाणाच्या) गुणसूत्राचा मोठा तुकडा आला असावा. तीन प्रतिसंकरांनंतर (मूळ वाणाशी पुन्हा केलेल्या संकरांनंतर) मूळ वाणाचा वाटा सरासरी ९३.७५ टक्के होतो खरा, पण जनुकाच्या आसपासचा भाग या सरासरीत मोडत नाही. दोन्ही बाजूंना मार्कर घ्या. मार्कर जनुकापासून ५ सेंटिमॉर्गनवर (गुणसूत्रावरील अंतराचे एकक) असेल तर जनुक असलेल्या रोपांपैकी सुमारे ५ टक्क्यांत त्या बाजूचा तुकडा तुटतो. अशी ५९ रोपे तपासली तर एखादे सापडण्याची शक्यता ९५ टक्के; निम्म्याच रोपांत जनुक येत असल्याने बी १२० लावावे. एका पिढीत एक बाजू, पुढच्या पिढीत दुसरी. दोन्ही एकदम शोधू नका.

भुरी रोगासाठी एमएलओ हे प्रतिकारक जनुक घेतले असेल तर कारण वेगळेही असू शकते. हे जनुक स्वतःच पानांवर करपल्यासारखे ठिपके आणते आणि त्याची थोडी किंमत उत्पन्नात मोजावी लागते. ते अप्रभावी आहे (एकच प्रत असली तर गुण दिसत नाही), म्हणून प्रतिसंकराच्या रोपांवर रोग पाहून निवड होतच नाही. इथे मार्कर खरा कामाचा. मात्र तो तुमच्या दोन्ही जनकांत वेगवेगळा दिसतो का, हे सुरुवातीलाच तपासा.

प्रश्न : जनुकसंपादन कोणत्याही वाणात करता येते का?

उत्तर : जनुक कापणारी कात्री कुठेही चालते, अडते ते पेशींपासून रोप उभे करण्यात. त्यात ‘गोल्डन प्रॉमिस’ हे जुने वाण सर्वांत हुकमी, म्हणून बहुतेक काम तिथेच होते आणि बदल नंतर प्रतिसंकराने आजच्या वाणात आणावा लागतो.