स्कूटरवरून जग पालथे घालणारे जॉर्जो बेत्तिनेल्ली

वडिलांची जुनी चेतक ठाण्याहून लांबच्या प्रवासाला न्यावी का, आणि स्कूटरवरून खरोखरच देशोदेशी फिरलेले कोणी आहे का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

अशा प्रवाशांमध्ये इटलीच्या जॉर्जो बेत्तिनेल्ली यांचे नाव मी सर्वांत वर ठेवीन. कालक्रमाने ते पहिले नव्हेत. त्यांच्याच देशातील रोबेर्तो पात्रिन्यानी १९६४ मध्ये, ऑलिंपिकच्या वर्षी, व्हेस्पा या इटालियन स्कूटरवरून मिलानहून टोकियोला गेले होते. मात्र बेत्तिनेल्ली यांची ती एखादी मोहीम नव्हती, तो त्यांचा संसारच होता. जुलै १९९२ मध्ये व्हेस्पा घेऊन ते रोमहून निघाले आणि मार्च १९९३ मध्ये व्हिएतनाममधील सायगावला पोहोचले. त्यानंतर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत ३६,००० किलोमीटर आणि मेलबर्नहून केपटाउनपर्यंत ५२,००० किलोमीटर असे दोन प्रवास झाले. एवढ्यावर कोणीही थांबले असते. परंतु १९९७ मध्ये चिलीहून निघून, ९० देश ओलांडून, तीन वर्षे आठ महिन्यांनी ते टास्मानियाला पोहोचले, आणि हे अंतर होते १,४४,००० किलोमीटर. या प्रवासांवर त्यांनी पुस्तकेही लिहिली. पुढे ते चीनमध्ये राहिले, तो देशही स्कूटरवरूनच फिरले आणि २००८ मध्ये तिथेच वारले.

आता आपल्या चेतककडे वळू. १९७२ मध्ये आलेल्या या गाडीची मांडणी व्हेस्पावरूनच घेतलेली आहे, आणि व्हेस्पाचा आराखडा कोराडिनो द'अस्कानियो या विमान अभियंत्याने केला होता. पुढचे चाक एकाच बाजूच्या दांड्यावर बसवलेले असल्यामुळे ते मोटारीच्या चाकासारखे नट सोडून निघते, पुढच्या आणि मागच्या चाकांना एकच स्टेपनी चालते, आणि इंजिन मागच्या चाकाला थेट जोडलेले असल्यामुळे साखळी तुटण्याची भानगडच नाही. प्लग, क्लचची केबल आणि थोडे पाने-पकड जवळ असले की रस्त्यातले बरेचसे बिघाड रस्त्यातच निस्तरतात. (किक मारण्यापूर्वी गाडी तिरपी करण्याचा विधी आपण वडिलांकडून शिकला असालच.)

उणीव आहे ती लहान चाकांची. दहा इंची चाक खड्ड्यात आदळते तेव्हा हँडल हातातून निसटू पाहते, म्हणून पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर कंटेनरांच्या गर्दीतून ही गाडी काढण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. दिव्याचा उजेडही बेताचाच असतो, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदीच आहे; पहिली फेरी कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटापर्यंत करावी, तीही पाऊस सरल्यावर. पन्नासच्या वेगाला समाधानी राहावे आणि चढ लागताच वेळेवर गिअर खाली घ्यावा. गाडी टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मोजूनच घालावे. आणि नोंदणीला पंधरा वर्षे उलटली असतील, तर तिचे नूतनीकरण झाले आहे की नाही हे निघण्याआधी कागदपत्रांत पाहून घ्यावे.