भूजल उपशाने ‘आस कलला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: “भूजल उपशामुळे पृथ्वीचा आस ८० सेंटीमीटर कलला, असं वाचलं. मग ऋतू बदलणार का? आणि कोयना भरली की आस हलतो का?”

ऋतू बदलणार नाहीत. बातमीतला आकडा बरोबर आहे, घोळ घातलाय तो ‘कलला’ या शब्दाने.

ऋतू ठरतात ते २३.४ अंशांच्या कलामुळे, म्हणजे आकाशाच्या संदर्भात आस कुठे रोखलाय यामुळे. ती दिशा बदलायला बाहेरून ओढ लागते. चंद्र-सूर्य विषुववृत्ताचा फुगवटा ओढतात आणि सुमारे २६ हजार वर्षांचं परांचन होतं, म्हणजे आस भोवऱ्यासारखा आकाशात संथ फिरतो. हवा आणि पाणी मात्र पृथ्वीचाच भाग. त्यांनी जागा बदलली तरी एकूण कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) तेवढाच राहतो, त्यामुळे आसाची दिशा जवळजवळ तिथेच राहते आणि त्याच्याखाली पृथ्वीचं अंग सरकतं. उत्तर ध्रुवावर खुंटी ठोकली, तर आस जमिनीला जिथे छेदतो तो बिंदू त्या खुंटीपासून हलताना दिसेल. ८० सेंटीमीटर ही ती हालचाल.

ध्रुवावर १ विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, साधारण ३१ मीटर भरतो. म्हणजे ८० सेंटीमीटर ०.०२६ विकला झाले. इतर ग्रहांच्या ओढीमुळे २३.४ अंशांचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी कमी होतोच आहे, आणि तरी कुणाच्या पेरण्या त्यामुळे चुकलेल्या नाहीत.

शिवाय हा बिंदू, म्हणजे फिरण्याचा ध्रुव, एरवी काही स्थिर नसतो. तो काही मीटरांच्या वर्तुळात फिरत असतो. त्यात दोन डोल मिसळलेले असतात: एक वर्षाचा आणि दुसरा सुमारे ४३३ दिवसांचा चँडलर डोल. दोन्ही एकमेकांत कधी भर घालतात, कधी एकमेकांना खातात, म्हणून वर्तुळ साधारण ६.४ वर्षांत फुगतं आणि आक्रसतं. पृथ्वी पूर्ण कडक असती तर दुसऱ्या डोलाचा काळ ३०५ दिवस आला असता, हा गणितज्ञ ऑयलरचा हिशेब. खगोलशास्त्रज्ञ सेथ चँडलरला १८९१ मध्ये त्याहून बराच मोठा काळ सापडला, आणि दुसरा खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकमने कारण दिलं: पृथ्वी थोडी लवचीक आहे आणि तिच्यावर समुद्र आहे.

घर्षणामुळे चँडलर डोल काही दशकांत विझायला हवा. तो टिकतो म्हणजे कुणीतरी त्याला सतत ढकलतंय. नासाचे संशोधक रिचर्ड ग्रॉस यांनी २००० मध्ये १९८५ ते १९९६ या काळाचा हिशेब मांडला, त्यात सर्वांत मोठा वाटा समुद्रतळावरच्या दाबातल्या चढउतारांचा निघाला आणि उरलेला मुख्यतः हवेच्या दाबाचा. वार्षिक डोलामागे आशिया खंड मोठा गडी आहे: हिवाळ्यात सायबेरियावर जड, थंड हवा साचते, उन्हाळ्यात खंडावर कमी दाब येतो आणि मान्सून पाणी आणून टाकतो.

हवेच्या दाबाचा हिशेब करणारे इथे हमखास चुकतात. समुद्रावर हवेचा दाब १ हेक्टोपास्कल वाढला की पाणी सुमारे १ सेंटीमीटर खाली दबून बाजूला होतं, आणि तळावरचं एकूण ओझं फारसं बदलत नाही. ही दुरुस्ती न करता जगभरचा दाब जसाच्या तसा धरला तर हवेचा परिणाम वाजवीपेक्षा मोठा येतो.

आता कोयना. ठोकळ सूत्र असं: ध्रुवाची सरक (मिलिमीटर) = वाढलेलं वस्तुमान (अब्ज टन) × साइन अक्षांश × कोसाइन अक्षांश. गुणक १ च्या इतका जवळ येतो की तो लिहायचीही गरज नाही. ४५ अंशांवरचं ओझं सर्वांत परिणामकारक, तर विषुववृत्तावर किंवा नेमक्या ध्रुवावर ठेवलेलं शून्य. उत्तर गोलार्धात ओझं वाढलं की ध्रुव त्या रेखांशापासून दूर जातो, कमी झालं की त्याच्याकडे येतो.

चीनचं थ्री गॉर्जेस धरण: ४० अब्ज टन, सुमारे ३१ अंश अक्षांश. सरक १८ मिलिमीटर, आणि नासाचा प्रसिद्ध आकडा २ सेंटीमीटर. कोयना: १०५ टीएमसी म्हणजे ३ अब्ज टन, साडेसतरा अंश. सरक ०.९ मिलिमीटर, तीही शून्यापासून काठोकाठ भरली तर. तुलनेत भूजल पाहा: १९९३ ते २०१० मध्ये २,१५० अब्ज टन उपसा. वायव्य भारत आणि पश्चिम उत्तर अमेरिका हे मोठे उपसे नेमके मध्य अक्षांशांत आहेत. उपसलेलं पाणी अखेर समुद्रात पसरतं, तेही मोजावं लागतं. या उपशाचा वाटा वर्षाला ४.३६ सेंटीमीटर, ६४ अंश पूर्व रेखांशाच्या दिशेने. तो धरल्याशिवाय मोजलेल्या सरकण्याशी हिशेब जुळत नव्हता. मात्र सगळं सरकणं पाण्याचं नाही. हिमयुगाच्या बर्फाखाली दबलेली जमीन अजून वर येते आहे, तिचाही मोठा हात आहे.

एक खाच लक्षात ठेवा. सूत्रातून मिळते ती डोलाच्या केंद्राची नवी जागा. ध्रुव तिथे सरळ जाऊन बसत नाही, तिच्याभोवती ४३३ दिवसांच्या चकरा घालू लागतो. म्हणून धरण भरल्याच्या आधीचा आणि नंतरचा ध्रुव नुसता वजा करून काही हाती लागत नाही.

स्वतः पाहायचं असेल तर आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन सेवेची सी०४ ही ध्रुवाची रोजची जागा देणारी मालिका मोफत मिळते. एक्स आणि वाय विकलांत असतात, ३०.९ ने गुणले की मीटर. एक्स ग्रीनिचकडे धन, पण वाय ९० अंश पश्चिमेकडे धन. भारताची बाजू वाय-उणे येते, आणि इथेच नकाशा आरशातल्यासारखा उलटतो. सरकण्याचा कल काढायला किमान ६.४ वर्षांची, म्हणजे सुमारे २,३४० दिवसांची सरकती सरासरी घ्या. दोन-तीन वर्षांच्या तुकड्यावर रेघ ओढली तर ती वर्तुळाच्या फुगण्या-आक्रसण्याच्या जेमतेम अर्ध्या फेरीची असते, आणि सुरुवात कुठून केली यावर दिशा बदलते.